महाराष्ट्रालगतच्या समुद्रातील पायाभूत सुविधांचे नियमन

महाराष्ट्राच्या किनाऱ्यालगत आणि किनाऱ्यापासून दूर, भर समुद्रात उभारल्या जाणाऱ्या बांधकामांचे नियोजन, परवानगी, देखरेख व अखेरची विल्हेवाट यांविषयीचे कायदे, संस्था आणि कार्यपद्धती यांचा समावेश 'समुद्रातील पायाभूत सुविधांचे नियमन' या संज्ञेत होतो. तेल व वायूचे फलाट, समुद्रतळावरून जाणाऱ्या वाहिन्या, बंदरे, लाटरोधक बांध, सागरी पूल आणि भराव घालून तयार केलेली जमीन ही अशा बांधकामांची प्रमुख उदाहरणे होत. या क्षेत्रातील एक मोठा प्रकल्प मुंबई हाय हे तेलक्षेत्र असून, पालघर जिल्ह्यातील वाढवण बंदर हा अलीकडील सर्वांत मोठ्या प्रकल्पांपैकी एक आहे.

समुद्रातील बांधकामाचा एकच नियामक भारतात नाही. बांधकाम किनाऱ्यापासून किती अंतरावर आहे आणि ते कशासाठी आहे, यानुसार कायदा व जबाबदार यंत्रणा बदलते. अनेक महत्त्वाचे नियम मोठ्या अपघातांनंतर तयार झाले, हे या क्षेत्राच्या इतिहासाचे एक वैशिष्ट्य आहे.

पार्श्वभूमी

१९६० च्या दशकात सोव्हिएत तज्ज्ञांच्या साहाय्याने खंबातच्या आखाताच्या परिसरात भूकंपलहरींच्या पद्धतीने समुद्रतळाचे सर्वेक्षण झाले. त्यातून मुंबईच्या पश्चिमेस तेल असण्याची शक्यता असलेली भूरचना आढळली. तेल व नैसर्गिक वायू आयोगाने (पुढे महामंडळ, ओएनजीसी) जपानमध्ये बांधून घेतलेल्या 'सागर सम्राट' या खोदकाम यंत्रणेच्या साहाय्याने १९७४ मध्ये येथे तेल शोधले. २१ मे १९७६ रोजी उत्पादन सुरू झाले. हे क्षेत्र मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर अंतरावर असून तेथे पाण्याची खोली सुमारे ७५ मीटर आहे. येथील तेल व वायू समुद्रतळावरील वाहिन्यांद्वारे रायगड जिल्ह्यातील उरण येथे आणला जातो.

मुंबई हायनंतर हीरा, पन्ना, मुक्ता, ताप्ती, वसई इत्यादी क्षेत्रांचा विकास झाला. विहिरींचे फलाट, तेलावर प्रक्रिया करणारे फलाट, कामगारांच्या निवासाचे फलाट, त्यांना जोडणारे पूल आणि वाहिन्या यांचे एक विस्तृत जाळे समुद्रात तयार झाले. या जाळ्याची उभारणी सुरू झाली तेव्हा किनारा नियमनाची अधिसूचना किंवा समुद्रातील तेलकामांच्या सुरक्षिततेचे स्वतंत्र नियम अस्तित्वात नव्हते. पर्यावरण संरक्षण अधिनियमही त्यानंतर दहा वर्षांनी, १९८६ मध्ये झाला.

अधिकारक्षेत्राची विभागणी

भारताच्या सागरी हद्दी १९७६ च्या सागरी क्षेत्र अधिनियमाने निश्चित केल्या आहेत. किनाऱ्याच्या आधाररेषेपासून १२ सागरी मैलांपर्यंत (सुमारे २२ किलोमीटर) प्रादेशिक समुद्र, २४ सागरी मैलांपर्यंत संलग्न क्षेत्र आणि २०० सागरी मैलांपर्यंत (सुमारे ३७० किलोमीटर) अनन्य आर्थिक क्षेत्र मानले जाते. प्रादेशिक समुद्रावर देशाचे सार्वभौमत्व असते. त्यापलीकडील अनन्य आर्थिक क्षेत्रात साधनसंपत्तीचा शोध व वापर, कृत्रिम बांधकामे आणि पर्यावरण संरक्षण यांपुरतेच अधिकार असतात. परदेशी जहाजांना तेथून ये-जा करण्याची मुभा असते. १९८२ च्या संयुक्त राष्ट्र सागरी कायदा करारातही हीच रचना असून भारताने तो १९९५ मध्ये स्वीकारला.

राज्यघटनेच्या अनुच्छेद २९७ नुसार समुद्राखालील खनिजे व इतर मूल्यवान वस्तू केंद्राच्या मालकीच्या आहेत. त्यामुळे महाराष्ट्रासमोरील समुद्रातील तेलावर राज्याची मालकी नाही. मासेमारी हा विषय मात्र प्रादेशिक समुद्रात राज्याकडे आणि त्यापलीकडे केंद्राकडे आहे. राज्याचा सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ चा आहे. परिणामी एकाच मच्छीमाराची नौका सकाळी राज्याच्या आणि दुपारी केंद्राच्या अखत्यारीतील पाण्यात असू शकते, तर तिच्या वाटेवरील फलाट तिसऱ्याच मंत्रालयाच्या देखरेखीखाली असतो.

प्रमुख यंत्रणांचे कार्य पुढीलप्रमाणे विभागलेले आहे:

• पेट्रोलियम व नैसर्गिक वायू मंत्रालय आणि त्याअंतर्गत हायड्रोकार्बन महासंचालनालय : तेलक्षेत्रांचे वाटप व विकास.
• तेल उद्योग सुरक्षा संचालनालय (स्थापना १९८६) : फलाटांची व तेलकामांची सुरक्षितता.
• नौवहन महासंचालनालय : जहाजे, त्यांची योग्यता आणि खलाशी.
• भारतीय तटरक्षक दल : तेलगळतीला प्रतिसाद, शोध व बचाव.
• भारतीय नौदल : तेलक्षेत्रांचे संरक्षण.
• केंद्रीय पर्यावरण मंत्रालय आणि राज्याचे सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण : पर्यावरणीय व किनारा क्षेत्रविषयक मंजुरी.
• महाराष्ट्र सागरी मंडळ (स्थापना १९९६) : राज्यातील लहान बंदरे. मोठी बंदरे केंद्राकडे आहेत.

परवानगीची प्रक्रिया

किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ रोजी निघाली. तिचा भर भरतीरेषेच्या आतील जमिनीवर होता. २०११ च्या अधिसूचनेने भरती-ओहोटीच्या पट्ट्यापुढील १२ सागरी मैलांपर्यंतचे पाणी व समुद्रतळ यांनाही नियमनाच्या कक्षेत आणले. २०१९ च्या अधिसूचनेतही हे क्षेत्र कायम आहे. मुंबई हायसारखे दूरचे तेलक्षेत्र या पट्ट्याबाहेर असले, तरी तेथून निघणारी वाहिनी किनाऱ्यावर येताना हा पट्टा ओलांडते. म्हणून वाहिनीच्या त्या भागाला किनारा नियमन लागू होते.

पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाविषयीच्या २००६ च्या अधिसूचनेने समुद्रातील तेल व वायूचा शोध आणि उत्पादन यांना 'अ' प्रवर्गात ठेवले. या प्रवर्गातील प्रकल्पाचा निर्णय केंद्र स्तरावर होतो. सामान्यतः प्रकल्पाचा अभ्यास कोणत्या मुद्द्यांवर करावा हे ठरविणे, अभ्यास, जनसुनावणी आणि तज्ज्ञ समितीकडून छाननी असे टप्पे त्यात असतात. जानेवारी २०२० मध्ये अधिसूचनेत बदल करून केवळ शोधकार्याला 'ब-२' या सौम्य प्रवर्गात टाकण्यात आले. त्यामुळे शोधविहिरींसाठी सविस्तर परिणाम अहवाल व जनसुनावणी यांची अट राहिली नाही. उत्पादनासाठी मात्र ती कायम आहे. शोधकार्य अल्पकाळाचे असते, हा या बदलामागील युक्तिवाद होता. टीकाकारांच्या मते विहीर खोदतानाचा धोका तिचा हेतू शोध आहे की उत्पादन यावर अवलंबून नसतो. मेक्सिकोच्या आखातात २० एप्रिल २०१० रोजी 'डीपवॉटर होरायझन' या यंत्रणेवर झालेला स्फोट शोधविहिरीवरचाच होता. त्यात ११ कामगार मृत्युमुखी पडले आणि तेलगळती सुमारे तीन महिने चालली.

अपघात आणि सुरक्षा नियम

मुंबई हाय उत्तर फलाटाची आग (२००५)

२७ जुलै २००५ रोजी मुंबई हायच्या उत्तर भागातील फलाटसमूहाला आग लागली. मुंबईतील २६ जुलैच्या महापुराच्या दुसऱ्या दिवशीची ही घटना आहे. 'समुद्र सुरक्षा' या साहाय्यक जहाजावरील एका जखमी कर्मचाऱ्याला उपचारासाठी फलाटावर हलवायचे होते. खराब हवामानामुळे हेलिकॉप्टर वापरता येत नव्हते, म्हणून क्रेनने त्याला वर घेण्याचे ठरले. वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूची क्रेन उपलब्ध नसल्याने जहाज वाऱ्याच्या बाजूने फलाटाजवळ आणावे लागले. लाटांमुळे ते फलाटावर आदळले आणि वायू वाहून नेणाऱ्या उभ्या नळांपैकी (रायझर) एक फुटला. बाहेर पडलेल्या वायूने पेट घेतला आणि १९८१ मध्ये उभारलेला मुख्य प्रक्रिया फलाट सुमारे दोन तासांत नष्ट झाला. अनेक जीवरक्षक नौका आगीमुळे पाण्यात सोडता आल्या नाहीत. या दुर्घटनेत २२ जणांचा मृत्यू झाला, तर ३६२ जणांना वाचविण्यात आले. 'समुद्र सुरक्षा' हे जहाजही पुढे बुडाले.

या अपघाताने नियोजनातील काही मूलभूत दोष उघड केले. ज्वलनशील वायूचे उभे नळ जहाज आदळू शकेल अशा बाहेरच्या बाजूस होते. जहाज फलाटाजवळ कोणत्या हवामानात व कोणत्या बाजूने आणावे, याचा निर्णय त्या क्षणी उपस्थित असलेल्या व्यक्तींवर राहिला. निवासाचा फलाटही प्रक्रिया फलाटाला पुलाने जोडलेला होता.

ब्रिटनला हा धडा आधी मिळाला होता. ६ जुलै १९८८ रोजी उत्तर समुद्रातील 'पायपर अल्फा' फलाटावरील आगीत १६७ जण मृत्युमुखी पडले. लॉर्ड कलन यांच्या चौकशी अहवालाने (१९९०) १०६ शिफारशी केल्या. त्यांतील दोन विशेष महत्त्वाच्या होत्या. पहिलीनुसार, फलाटावरील धोके कोणते आणि ते कसे आटोक्यात ठेवले जातील याची लेखी मांडणी चालकाने करून ती नियामकाकडून मान्य करून घ्यावयाची होती. दुसरीनुसार, तेल उत्पादन वाढविण्याची जबाबदारी असलेल्या खात्याकडून सुरक्षेची देखरेख काढून ती आरोग्य व सुरक्षा कार्यकारी संस्थेकडे सोपवायची होती. ब्रिटनने दोन्ही शिफारशी अमलात आणल्या.

भारतात २००५ च्या आगीनंतर तीन वर्षांनी, तेलक्षेत्र (नियमन व विकास) अधिनियम १९४८ अन्वये, पेट्रोलियम व नैसर्गिक वायू (समुद्रातील कामांची सुरक्षितता) नियम २००८ लागू झाले. तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाला सक्षम प्राधिकारी ठरविण्यात आले आणि चालकावर जोखमीचे मूल्यमापन, आणीबाणीचा आराखडा व प्रशिक्षण यांचे बंधन आले. ब्रिटनमधील पहिल्या शिफारशीचा आशय अशा रीतीने भारतीय नियमांत आला. दुसरा, म्हणजे विकास आणि देखरेख वेगळी करण्याचा भाग मात्र आला नाही. संचालनालय आजही ज्या मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे, त्याच मंत्रालयाकडे तेल उत्पादनाचीही जबाबदारी आहे.

पी-३०५ तराफा (२०२१)

मे २०२१ मध्ये 'तौक्ते' चक्रीवादळ अरबी समुद्रातून गुजरातकडे जात असताना मुंबई हाय परिसरात अनेक तराफे (बार्ज) व जहाजे होती. हीरा तेलक्षेत्राच्या परिसरातील पी-३०५ या निवासी तराफ्यावर २६१ जण होते. नांगर निकामी होऊन तराफा भरकटला आणि १७ मे रोजी बुडाला. नौदल व तटरक्षक दलाने त्यावरील १८६ जणांना वाचविले. हा तराफा आणि 'वरप्रदा' ही साहाय्यक नौका यांवरील मिळून ८६ जणांचा मृत्यू झाला. फलाटांवर वेल्डिंग, रंगकाम, स्वयंपाक आदी कामे करणारे कंत्राटी कामगार मृतांत मोठ्या संख्येने होते. केंद्र सरकारने या घटनेच्या चौकशीसाठी नौवहन महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली उच्चस्तरीय समिती नेमली.

भारतीय हवामान विभागाने वादळाचे इशारे काही दिवस आधीपासून दिले होते. त्यामुळे इशारा मिळाल्यावर तराफा परत बोलावण्याचा अंतिम अधिकार कोणाचा, हा चर्चेचा मुख्य मुद्दा ठरला. तराफ्याचा मालक, कंत्राटदार, तेलक्षेत्राचा चालक आणि तराफ्यावरील कप्तान यांच्यात ही जबाबदारी विभागलेली होती. फलाटाला तेल मंत्रालयाचे नियम आणि तराफ्याला नौवहनाचे नियम लागू होतात. दोघे शेजारी उभे असताना निर्माण होणारा धोका मात्र समान असतो. समुद्रातील दुरुस्तीची कामे पावसाळ्यापूर्वी उरकण्याची प्रथा असल्याने मे महिन्यात कामाचा वेग वाढतो. नेमका हाच काळ अरबी समुद्रातील मोसमीपूर्व चक्रीवादळांचाही असतो.

तेलगळती आणि भरपाई

मे १९९३ मध्ये मुंबई हायहून उरणला येणारी वाहिनी फुटून समुद्रात तेल पसरले. १९९६ मध्ये राष्ट्रीय तेलगळती आपत्ती आराखडा मंजूर झाला. तटरक्षक दल त्याची मध्यवर्ती समन्वयक संस्था आहे. ७०० टनांपर्यंतच्या गळतीला प्रथम प्रतिसाद देण्याची साधने बंदर किंवा तेलक्षेत्राच्या चालकाने स्वतः बाळगावीत, अशी या आराखड्याची अपेक्षा आहे.

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजा-३' या जहाजांची टक्कर झाली. शेकडो टन तेल सांडले व अनेक कंटेनर समुद्रात पडले. मुंबई व रायगडच्या किनाऱ्यावरील खारफुटीला तेलाचा थर लागला आणि मासेमारी थांबली. पुढच्याच वर्षी, ४ ऑगस्ट २०११ रोजी 'रॅक कॅरियर' हे कोळसावाहू जहाज मुंबईजवळ बुडाले. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ऑगस्ट २०१६ मध्ये या प्रकरणी १०० कोटी रुपयांची पर्यावरणीय भरपाई देण्याचा आदेश दिला. जहाज प्रादेशिक समुद्राबाहेर बुडाले असतानाही प्रदूषणाबाबत आपले अधिकारक्षेत्र लागू होते, असे न्यायाधिकरणाने मानले. त्यामुळे 'प्रदूषण करणाऱ्याने किंमत मोजावी' हे तत्त्व १२ सागरी मैलांपलीकडेही लागू झाले.

मासेमारी आणि जागेचा प्रश्न

फलाटाभोवती ५०० मीटर त्रिज्येचे सुरक्षा क्षेत्र असते व त्यात अनधिकृत नौकांना प्रवेश नसतो. एका फलाटामुळे अशा रीतीने सुमारे पाऊण चौरस किलोमीटर समुद्र बंद होतो. एकट्या फलाटाचा विचार करता हे क्षेत्र किरकोळ वाटते, परंतु फलाट, वाहिन्या, सर्वेक्षण जहाजांचे मार्ग आणि बंदरांचे जलमार्ग एकत्र पाहिल्यास चित्र बदलते. भूकंपलहरींच्या सर्वेक्षणात जहाजामागे कित्येक किलोमीटर लांबीच्या केबली ओढल्या जातात. त्या काळात मच्छीमारांना जाळी काढून घ्यावी लागतात. पालघर जिल्ह्यातील सातपाटी, डहाणू इत्यादी बंदरांतील मच्छीमार संघटनांनी अशा सर्वेक्षणांच्या काळातील नुकसानीबद्दल भरपाईची मागणी वेळोवेळी केली आहे.

उत्तर कोकणात डोल जाळ्यांची मासेमारी मोठी आहे. ही जाळी समुद्रतळाशी एका ठरावीक जागी बांधली जातात आणि भरती-ओहोटीच्या प्रवाहाबरोबर येणारे बोंबील, जवळा आदी मासे त्यांत शिरतात. या जागांवर परंपरेने कुटुंबांचा व गावांचा हक्क मानला जातो. तो सरकारी नकाशांत बहुधा दिसत नाही. त्यामुळे प्रकल्पाच्या अहवालात एखादा भाग रिकामा समुद्र म्हणून नोंदला जात असला, तरी कोळी समाजाच्या व्यवहारात तो वाटून घेतलेला असू शकतो.

नियोजनाच्या टप्प्यावर मच्छीमारांचे ज्ञान विचारात न घेतल्यास काय होते, याचे उदाहरण मुंबई किनारी रस्ता प्रकल्पात मिळते. वरळी येथे समुद्रातील खांबांमधील नौकामार्गाचे अंतर मूळ आराखड्यात ६० मीटर होते. उधाणाच्या व वाऱ्याच्या दिवसांत एवढ्या अंतरातून नौका नेणे धोक्याचे असल्याचे वरळी कोळीवाड्यातील मच्छीमारांचे म्हणणे होते. प्रदीर्घ आंदोलनानंतर डिसेंबर २०२२ मध्ये हे अंतर १२० मीटर करण्याचे मान्य झाले. बदल तांत्रिकदृष्ट्या शक्य होता. तो काम सुरू झाल्यावर करावा लागल्याने वेळ व खर्च वाढला.

वाढवण बंदर

वाढवण हे पालघर जिल्ह्याच्या डहाणू तालुक्यातील किनारी गाव आहे. केंद्र सरकारने २० जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र घोषित केला. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशानुसार, न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. या प्राधिकरणाने १९९८ मध्ये वाढवण येथील बंदराचा पहिला प्रस्ताव नाकारला.

फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने नव्या प्रस्तावाला तत्त्वतः मान्यता दिली. डहाणूच्या अधिसूचनेत 'लाल' प्रवर्गातील उद्योगांना मनाई आहे. बंदर हा अशा प्रवर्गातील उद्योग मानावा की नाही, हा वादाचा केंद्रबिंदू होता. २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने बंदरांचे वर्गीकरण बदलले. प्राधिकरणाने ३१ जुलै २०२३ रोजी अटींसह ना-हरकत दिली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये पर्यावरणीय मंजुरी मिळाली. मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये प्रकल्पाविरुद्धच्या याचिका फेटाळल्या. १९ जून २०२४ रोजी मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांच्या खर्चाला मान्यता दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी प्रकल्पाची पायाभरणी झाली. प्रकल्पात जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा ७४ टक्के आणि महाराष्ट्र सागरी मंडळाचा २६ टक्के वाटा आहे.

येथे सुमारे २० मीटर नैसर्गिक खोली उपलब्ध असल्याने अतिमोठी कंटेनर जहाजे लागू शकतील, हे प्रकल्पाचे मुख्य समर्थन आहे. गावाची जमीन घेण्याऐवजी समुद्रात १,४४८ हेक्टर भराव घालण्याचे नियोजन असून लाटरोधक बांधाची लांबी १० किलोमीटरहून अधिक आहे. भरावासाठी लागणारी वाळू दमणजवळच्या समुद्रतळातून काढली जाणार असल्याने प्रकल्पाचा परिणाम वाढवणपुरता मर्यादित राहत नाही. खडकाळ किनाऱ्यावरील जीवसृष्टी, माशांची प्रजननस्थळे, प्रवाहातील बदलामुळे होणारी धूप आणि डाय बनविण्याचा घरगुती व्यवसाय हे विरोधकांचे प्रमुख मुद्दे आहेत. जमीन संपादन टळते म्हणून विस्थापन टळते, हा दावा मच्छीमार संघटनांना मान्य नाही. मासेमारीची जागा जाणे हेही विस्थापनच आहे, असे त्यांचे म्हणणे आहे.

वापर संपलेल्या बांधकामांची विल्हेवाट

तेलक्षेत्र संपल्यावर विहिरी कायमच्या बंद करणे आणि फलाट हटविणे आवश्यक असते. वापरात नसलेली बांधकामे जलवाहतूक व मासेमारीसाठी धोकादायक ठरू नयेत, अशी सागरी कायदा करारातही तरतूद आहे. या खर्चाची तरतूद उत्पादन चालू असतानाच व्हावी, म्हणून भारताने १९९९ मध्ये क्षेत्र पुनःस्थापन निधी योजना सुरू केली. ताप्ती क्षेत्रातील फलाट हटविणे हे भारतातील या प्रकारच्या पहिल्या मोठ्या कामांपैकी एक आहे. मुंबई हायच्या अनेक फलाटांचे वय चाळीस वर्षांहून अधिक असल्याने हा विषय पुढील काळात अधिक महत्त्वाचा ठरणार आहे.

समीक्षा आणि प्रस्तावित सुधारणा

प्रत्येक प्रकल्पाचे मूल्यांकन स्वतंत्रपणे होते, ही सध्याच्या व्यवस्थेवरील मुख्य टीका आहे. एका समुद्रात फलाट, वाहिन्या, बंदर, वाळूउपसा, जलमार्ग आणि मासेमारी यांचा एकत्रित भार किती, हे ठरविणारी संस्था नाही. यावर उपाय म्हणून सागरी अवकाशीय नियोजनाची पद्धत सुचविली जाते. शहराच्या विकास आराखड्याप्रमाणे समुद्राचाही आराखडा तयार करून कोणता भाग कोणत्या वापरासाठी आणि कोणत्या ऋतूत खुला ठेवायचा, हे त्यात आधीच ठरविले जाते. भारताने नॉर्वेच्या सहकार्याने पुदुच्चेरी व लक्षद्वीप येथे असे पथदर्शी काम हाती घेतले आहे.

सुरक्षेची देखरेख उत्पादनाशी संबंधित मंत्रालयापासून वेगळी करणे, हवामानाच्या इशाऱ्यानंतर काम थांबविण्याचा अधिकार एकाच नामनिर्दिष्ट व्यक्तीकडे देणे, कंत्राटी कामगारांच्या तराफ्यांना फलाटांइतकेच सुरक्षा निकष लावणे आणि पारंपरिक मासेमारी जागांची अधिकृत नोंद करणे, या सुधारणाही चर्चेत आहेत.

हे सुद्धा पहा

• मुंबई हाय
• वाढवण बंदर
• तौक्ते चक्रीवादळ
• किनारा नियमन क्षेत्र
• भारतीय तटरक्षक दल
• कोळी समाज